काट्यावर दोघं

माझ्या पोटाने आयुष्यभर टाळ्या घेतल्या. ऑफिसच्या नाटकांत मी कधी सावकार झालो, कधी कोतवाल, एकदा तर साक्षात कुबेर, आणि एकदाही पोटाला उशी बांधावी लागली नाही. विंगेतून आधी पोट यायचं, मग हशा, मग मी. बोळिंजला आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत लहान पोरं मला बघून उगाचच हात जोडायची आणि मीही उजवा हात वर करून आशीर्वाद द्यायचो. त्यामुळे एका डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं आणि ते अजिबात हसले नाहीत, तेव्हा मला प्रयोग पडल्यासारखं वाटलं.

न हसण्याचं कारण होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. ती वसई गावात राहते, बाजाराच्या मागच्या गल्लीत. एक दिवसाआड डायलिसिस चालू होतं. त्यासाठी तिच्या हातात जी नस तयार केली होती ती दोनदा बंद पडली होती आणि हे फार काळ ओढता येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले होते. तिच्या नवऱ्याला मधुमेह, तो बाद. राहिलो मी. माझा रक्तगट जुळला, आणखी काय काय जुळावं लागतं ते सगळं जुळलं, साखर नाही, रक्तदाब नाही. मी मनातल्या मनात नायकाची भूमिका स्वीकारूनही टाकली होती. मग त्यांनी मला काट्यावर उभं केलं.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचे हे डॉक्टर आठवड्यातून एकदा वसईत बसत. त्यांच्याबरोबर एक आहारतज्ज्ञ बाई असायच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या, स्वतः पेन्सिलीएवढ्या. त्यांनी एका कागदावर रेघ मारली आणि म्हणाल्या, की काटा या रेघेखाली आला तर तुमची किडनी घेऊ. नाही आला तर ऑपरेशनमध्ये तुमच्याच जिवाला धोका, आणि बहिणीला वाचवायला आलेला भाऊ टेबलावरच गेला असं आम्हाला होऊ द्यायचं नाही.

बाहेर बाकावर बहीण बसली होती. मी तिला रेघेची गोष्ट सांगितली. ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली,

"म्हणजे माझं जगणं तुझ्या बटाटेवड्यांवर आहे, दादा? मग मी मेलेच."

आम्ही दोघंही इतके हसलो की नर्स बाहेर डोकावली. मग हसणं संपलं.

वजन उतरवायचं म्हणजे चालायचं, असं सगळे सांगतात. माझे गुडघे त्या सगळ्यांपैकी कुणाचंच ऐकत नाहीत. शेवटी डॉक्टरांनीच पोहायला सांगितलं. पाणी अंगाचा भार उचलतं, गुडघ्यांना त्रास नाही, आणि हात, पाय, पाठ, दम सगळ्याला काम. मी लहानपणी कोकणात विहिरीत कंबरेला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो होतो, त्यामुळे पोहता येण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता पाण्याचा. आमच्या सोसायटीला स्विमिंग पूल आहे. फ्लॅट घेतला तेव्हाच्या रंगीत कागदावर तो निळाशार होता आणि त्यात एक गोरी बाई डोळे मिटून पडली होती. प्रत्यक्षात प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे पूल कोण भरणार? तो वर्षातून एकदा गणपती विसर्जनाला गुडघाभर भरतो आणि एरवी त्यात सुकत घातलेल्या गाद्या असतात. महापालिकेच्या तलावावर गेलो, तर सगळ्या बॅच भरलेल्या.

तेव्हा बायको म्हणाली, "माहेरचं बावखल आहे की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसईच्या किनाऱ्याकडच्या बागायतीत, वाडीच्या मधोमध, असे डोह खणलेले असतात. विहिरीसारखे बांधलेले नसतात आणि तळ्याएवढे मोठेही नसतात. एका बाजूने उतार, उरलेल्या बाजूंनी झाडी. पावसाचं साठतं, जमिनीतलं झिरपतं आणि ते पाणी वर्षभर केळींना आणि फुलांना पुरतं. आता कितीतरी बावखलं बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. माझ्या सासुरवाडीचं मात्र शाबूत आहे, कारण माझा मेव्हणा ते कुणाला विकत नाही. हा मेव्हणा मोगरा आणि केळी करतो, माझ्यापेक्षा वयाने लहान आहे आणि जगातली सगळ्यात गमतीदार गोष्ट चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगतो. त्यामुळे तो कधी थट्टा करतो आणि कधी नाही, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी चड्डीवर उताराशी उभा असताना तो मोगऱ्याच्या कळ्या तोडत तोडत म्हणाला, "पान्यात कसेपन उतरा, भावोजी. निघताना मात्र जातो म्हनायचा. मोठ्याने. येतो म्हनायचा नाय."

मी विचारलं, का बाबा?

"येतो म्हटला की पानी वाट बघते."

"आणि मी आलोच नाही तर?"

"मंग ते बघायला येते," तो म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे वळला.

आता आपल्या घरांत 'जातो' म्हणायची सोय नाही. निघणारा माणूस 'येतो' म्हणतो, मग तो मंडईत निघालेला असो की अमेरिकेला. माझी आई या बाबतीत कडक होती. एकदा माझा मामा दारातून चुकून 'जातो गं' म्हणाला. आईने त्याला हाताला धरून परत आत आणलं, बसवलं, पुन्हा चहा पाजला आणि 'येतो' वदवून घेऊन मगच सोडला. त्यात त्याची बस चुकली, तर आई म्हणाली, बस गेली, तू तर आहेस ना. अशा घरात वाढलेल्या मला पाण्याशी उभं राहून 'जातो' म्हणणं म्हणजे देवळात शिवी देण्यासारखं होतं. पण मी नाटकवाला. ते वाक्य मी संवाद म्हणून घेतलं. रोज बाहेर पडल्यावर छाती पुढे काढून, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं मी म्हणायचो, "जातो!" केळीच्या पानांतून चिमण्या उडायच्या आणि मेव्हणा लांबून मान हलवायचा.

पोहून वजन उतरतं का, असं मला आता लोक विचारतात, तर त्याचं खरं उत्तर देतो. पहिल्या काही दिवसांत माझं वजन वाढलं. जाड माणूस बुडत नाही, हा त्याचा पाण्यातला फायदा आणि तोच तोटा. मी बावखलात उतरायचो आणि भोपळ्यासारखा तरंगायचो. वर नारळाच्या झावळ्या, मध्येच एखादा खंड्या निळी रेघ मारून जायचा, आणि मी पाठीवर पडून स्वतःला व्यायाम केल्याचं समाधान देत असायचो. गार पाण्यातून बाहेर आलं की भूक अशी लागायची, की वसईच्या नाक्यावरचा वडापाववाला मला लांबून बघूनच तेलात घाणा सोडायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी हे सगळं माझ्या तोंडून काढून घेतलं आणि सांगितलं, की तरंगणं म्हणजे पोहणं नव्हे. दम लागला पाहिजे, बोलता येऊ नये इतका लागला पाहिजे, आणि बाहेर आल्यावर ताक प्या. मग मी काठाकाठाने गोल गोल पोहायला लागलो, न थांबता, घाण्याच्या बैलासारखा. ताक प्यायला लागलो. आणि काय आश्चर्य, काटा हलला. दर आठवड्याला थोडा थोडा खाली यायला लागला. बहीण फोनवर पहिलं वाक्य तेच विचारायची, "कुठपर्यंत आलास?" जसा काही मी दूरच्या गावाहून तिच्याकडे चालत निघालो होतो.

ती स्वतः मोजून पाणी प्यायची. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी म्हणजे विष, ते अंगात साठतं, पाय सुजतात, श्वास लागतो. दिवसाला एवढी एक लहान बाटली, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट. फार तहान लागली की बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटायची. मला वाटलं होतं पाण्याच्या गोष्टी तिच्यासमोर काढू नयेत. पण तीच विचारायची, आज कसं होतं, गार होतं का, तळ लागतो का. मी हातवारे करून सगळं सांगायचो आणि ती ऐकताना घशातल्या घशात गिळायची.

तळ लागत नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही. मध्यभागी पाय खाली सोडला तर पाणी एकदम बर्फासारखं व्हायचं आणि आणखी खाली काही नसायचं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली नाही. मी काठाने गोल पोहायचो तेव्हा माझ्या हातांचा चुबुक चुबुक आवाज यायचा. त्या आवाजाच्या पाठीमागे, अर्धा हात उशिरा, तसाच एक आवाज यायचा. मला वाटलं समोरच्या काठावर आपटून परत येत असेल. एकदा मी मध्येच हात थांबवले. पाठीमागचा आवाज आणखी एकदा झाला आणि मग थांबला. भर दुपारचे बारा, लख्ख ऊन, माणसांची बोलणी वाडीपलीकडून ऐकू येत होती. मी वळून पाहिलं नाही. माझ्यासारखा माणूस, ज्याला गर्दीत कुणी खाकरलं तरी मागे वळून नमस्कार करायची सवय, तो वळला नाही. घाबरलो होतो असं नव्हे. पाठीमागे जे कोण होतं ते चांगलं पोहत होतं आणि मला त्याची लय मोडायची नव्हती. त्यानंतर मी जरा जोरातच पोहायला लागलो, आणि खरं सांगतो, माझं सगळ्यात जास्त वजन त्याच आठवड्यात उतरलं.

मग तो फोन आला. मी पाण्यात होतो, मोबाइल काठावरच्या टॉवेलवर थरथरत होता. बहिणीच्या नवऱ्याचा फोन. डायलिसिस चालू असताना तिचा रक्तदाब एकदम खाली गेला होता आणि तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. मेव्हणा त्या दिवशी फुलं घेऊन बाजारात गेलेला. मी ओल्या अंगावर शर्ट चढवला, चपला हातात घेतल्या आणि पळत सुटताना पाठ वळवूनच म्हणालो, "येतो."

गाडीत बसल्यावर मला ते आठवलं. पण माणसाने करायचं काय? बहीण तिकडे तशी पडलेली, अशा वेळी कुठल्या भावाच्या तोंडून 'जातो' निघेल? माझ्या आईचा मुलगा तरी म्हणणार नाही.

ती सावरली, घरी आली. आठवडाभर मी बावखलाकडे फिरकलो नाही.

मग एका सकाळी बायको बेडरूमच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "पाय पुसून काट्यावर उभं राहता येत नाही का तुम्हाला?" आमचा वजनकाटा कपाटाच्या बाजूला जमिनीवर असतो. त्यावर पाणी होतं. मी तर अजून अंथरुणातच होतो. उठून पाहिलं. दोन पावलं होती, ओली, टाचेपासून बोटांपर्यंत स्वच्छ उमटलेली. मी बाजूला माझं पाऊल ठेवून पाहिलं. माझं पाऊल म्हणजे थापलेली भाकरी. ती पावलं अरुंद होती, लांब होती. काट्याच्या आधी नाहीत, नंतर नाहीत. बाथरूमपासून काट्यापर्यंतची फरशी कोरडी ठणठणीत. जणू जे कोणी आलं होतं त्याला फक्त वजन करायचं होतं.

बायकोने पोछा मारला आणि ती कामाला लागली. तिच्या माहेरचीच गोष्ट, तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं.

मी पुन्हा पोहायला जायला लागलो, रोज, आधीपेक्षा जास्त, फक्त निघताना आता काहीच म्हणायचो नाही. आणि काटा हलेना. एक काडी हलेना. इकडे शिंप्याने माझ्या पँटींची कंबर दुसऱ्यांदा आत घेतली आणि म्हणाला, "साहेब, आता शिवणच शिवणीला लागली, नवीन शिवा." पट्ट्याला नवी भोकं पाडली. गळ्यातली चेन खाली लोंबायला लागली, गाल उतरले, ऑफिसात दोघांनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. आरशात मी बारीक होत चाललो होतो आणि काट्यावर होतो तेवढाच होतो. आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला तर म्हणाल्या, चरबी जाते आणि स्नायू वाढतात तेव्हा असं होतं, धीर धरा. धीर धरायला मला हरकत नव्हती. बहिणीच्या हातातल्या नशीला होती.

सोसायटीच्या लिफ्टनेही माझी साथ सोडली. सहा माणसांची लिफ्ट. एका संध्याकाळी मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काटकुळे काका असे दोघंच आत शिरलो आणि ती जादा वजनाची घंटा वाजवायला लागली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाच्या जागी आता लोंबणाऱ्या शर्टाकडे पाहिलं, आणि बाहेर पडून जिन्याने गेले. घंटा थांबली नाही. मग मीही उतरलो. दारं मिटली आणि लिफ्ट रिकामीच आमच्या मजल्यावर गेली. मी जिना चढून, गुडघे धरून वर पोचलो, तर लिफ्ट तिथे दार उघडून उभी होती.

मी मेव्हण्याकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, एक कळी नखाने खुडली आणि विचारलं, "येतो म्हटला होतात काय?"

मी मान हलवली.

"मंग काय. तुमी गेला नाय, ते आला. आता पान्यापाशी जाऊन नीट जातो म्हना, आनि आठ-पंधरा दिवस तिकडे बघू नका. सुटेल."

तो लांब मोगऱ्यात जाऊन उभा राहिला, कारण हे एकट्याने करायचं असतं. मी उताराशी गेलो. दुपारचं ऊन पाण्यावर सरळ पडलं होतं, तरी पाणी काळंच दिसत होतं. वारा नव्हता. पाण्यावर एक पान होतं, ते स्थिर होतं, आणि मग ते माझ्या दिशेने यायला लागलं, हळूहळू, जसं कुणी खालून ढकलत असावं. मी छाती पुढे काढली. माझं तोंड उघडलं. सुरुवातीच्या आठवड्यांत हा शब्द मी इथेच कितीदा गर्जून म्हटला होता. आणि आता तो येईना. त्या शब्दाच्या बाजूला मला बहीण दिसत होती, पलंगावर, जिभेवर बर्फाचा खडा ठेवून डोळे मिटलेली. तिचं असं चाललेलं असताना मी कुणालाही, पाण्यालासुद्धा, 'जातो' म्हणू शकत नव्हतो. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अख्ख्या नाटकवाल्या आयुष्यात मी पहिल्यांदा संवाद विसरलो आणि प्रॉम्प्टर मोगऱ्यात उभा राहून मला काही सांगू शकत नव्हता.

पान माझ्या पायाशी येऊन थांबलं. मी चड्डीवर आलो आणि पाण्यात उतरलो. दुसरं करण्यासारखं काय होतं? रेघेखाली जायचं तर पोहायलाच हवं. पाठीमागून अर्धा हात उशिरा तो आवाज सुरू झाला. या वेळी मी त्याच्याशी बोललो. म्हटलं, बाबा रे, किंवा बाई गं, जे कोण असशील ते, यायचं तर ये, पण माझ्या बहिणीचं काम होऊ दे.

नंतरचे आठवडे आम्ही दोघं राहिलो, असंच म्हणायला हवं. सकाळी काट्यावर पाणी. लिफ्टला आम्ही टाळायला लागलो. सोफ्यावर माझ्या शेजारी कुणी बसत नसे, कारण ती जागा नेहमी दमट असायची. पावसाळा नव्हता. बायकोने तिथे एक जुना टॉवेल अंथरून ठेवला.

वजनाचा दिवस आला. बहीण हट्टाने बरोबर आली. खोलीत ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, पाय सुजलेले, चेहरा मातीच्या रंगाचा. डॉक्टर आदल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन बोलले होते. या खेपेला जमलं नाही तर मग कदाचित तिचीच तब्येत ऑपरेशन झेपण्याजोगी उरणार नाही. हे तिला माहीत होतं. मला माहीत होतं हे तिला माहीत होतं. म्हणून आम्ही रस्ताभर वसईच्या बाजारात सुकट कशी महागली त्यावर बोललो.

मी काट्यावर चढलो. आकडे धावले, थांबले. रेघेच्या वर. फार नाही, अर्ध्या कळशीएवढं वर. बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. बहिणीने माझ्याकडे न बघता पदर नीट केला.

"खूप प्रयत्न केलेत तुम्ही," बाई म्हणाल्या आणि मी खाली उतरलो.

आणि मग त्यांनी काट्याकडे पाहिलं. त्याच्यावर कुणी नव्हतं. आकडे शून्यावर गेले नव्हते. भरलेल्या कळशीएवढं वजन तिथे तसंच दिसत होतं, स्थिर. बाईंनी काटा पायाने सरकवून पाहिला, खाली वाकून पाहिलं काही अडकलंय का. बंद करून पुन्हा चालू केला. शून्य आलं. मग आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आकडा सावकाश चढला आणि पुन्हा तिथेच येऊन थांबला, जसं एखाद्याने आधी एक पाय ठेवावा आणि मग दुसरा.

बाई जरा वैतागल्या. मशीन बिघडलंय म्हणाल्या आणि त्यांनी खालच्या डायलिसिसच्या खोलीतून दुसरा काटा मागवला. तो भिंतीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. मी त्याच्यावर चढलो. मी आकड्यांकडे बघितलंच नाही, मी पहिल्या काट्याकडे बघत होतो. तिथला आकडा हलला नाही. जे कोणी होतं ते तिथेच उभं राहिलं, अगदी शिस्तीत, माझ्यामागून आलं नाही.

रेघेखाली होतो. बाईंनी मला खाली उतरवलं, पुन्हा चढवलं, पुन्हा तोच आकडा. त्यांनी सही केली आणि डॉक्टरांना हाक मारली. शास्त्रीय मन असलेल्या माणसांना सांगतो, तो पहिला काटा खरोखर बिघडलेला असू शकतो. माझ्या घरचाही असू शकतो. लिफ्टचं तर काही विचारूच नका, तिच्या दुरुस्तीवरून सोसायटीत दोन गट आहेत. मी कुणाशी वाद घालत नाही.

ऑपरेशन झालं. दोघंही जागेवर आहोत. माझ्या डाव्या कुशीला वळण घेतलेला व्रण आहे, जो कुणी आग्रह केला तर आणि न केला तरी मी दाखवतो, आणि बहीण आता भांडंभर पाणी पिते आणि मला फोनवर बटाटेवड्यांवरून रागावते. पण मला अजून आठवते ती त्या दिवसाची दुपार. सही केलेला कागद घेऊन आम्ही दवाखान्याबाहेर आलो, टळटळीत ऊन होतं, आणि मी रिक्षा थांबवली. बहीण आधी चढली. मी तिच्याजवळ बसलो. माझ्या पलीकडे भरपूर जागा होती, कारण आता मी पूर्वीचा राहिलो नव्हतो. रिक्षावाल्याने मीटरला हात घातला.

बहीण पलीकडच्या कडेला सरकली, आणखी सरकली, अगदी लोखंडी दांड्याला टेकली. मग तिने माझा दंड धरून मला आपल्याकडे ओढलं.

"दादा, सरक जरा. आपलं काम करून आलंय ते, त्याला उन्हात चालत नेतोस का?"

मी सरकलो. रिक्षा माझ्या बाजूने किंचित खाली दबली. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि आम्हाला न विचारता रिक्षा वाडीच्या रस्त्याला लावली.